जेट बोटीला खरंच मोठं इंजिन लागतं का? इंजिन बदलण्याआधी करायच्या तपासण्या

‘बोटीला दम नाही, मोठं इंजिन बसवू या.’ जेट बोट किंवा जेट स्की बाळगणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य कधी ना कधी येतं. न्यूझीलंडच्या खडकाळ नद्यांवर येतं, तसंच मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरही येतं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. कमी वेगाच्या, ओझ्याच्या कामाला जेटला, म्हणजे पंपाने पाणी आत ओढून मागे फेकणाऱ्या यंत्रणेला, प्रोपेलरपेक्षा जास्त ताकद लागते, हे खरं आहे. पण तुमच्या हातातली बोट पूर्वी चांगली पळत होती आणि आता मंदावली असेल, तर इंजिन लहान पडतंय असं क्वचितच असतं. दोष बहुतेक वेळा पंपात, वजनात किंवा इम्पेलरच्या (पंपात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) निवडीत निघतो. म्हणून खाली दिलेल्या तपासण्या क्रमाने करा. आधी फुकटच्या, मग स्वस्त आणि इंजिनाचा विचार सगळ्यात शेवटी.

जेटमध्ये ताकद जाते कुठे

जेट बोटीचा जन्मच या प्रश्नाशी जोडलेला आहे. न्यूझीलंडच्या मॅकेन्झी भागात आयरिशमन क्रीक नावाच्या मेंढ्यांच्या फार्मवर राहणाऱ्या बिल हॅमिल्टन यांना १९५० च्या दशकात तिथल्या उथळ, वेगवान नद्यांतून बोट न्यायची होती. प्रोपेलर दगडांवर आपटायचा. त्यांनी अमेरिकेतल्या हॅनली हायड्रो-जेटचा अभ्यास केला. त्यात पाणी आत ओढून बोटीच्या तळाखालच्या फिरत्या नोझलमधून (निमुळत्या तोंडातून) बाहेर फेकलं जायचं. त्यात सुधारणा करूनही बोट म्हणावी तशी चालेना. मग त्यांच्याच एका कामगाराने सुचवल्यावरून नोझल पाण्याच्या पातळीच्या जरा वर आणलं आणि सगळं बदललं. १९६० मध्ये हॅमिल्टन जेट बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यनमध्ये प्रवाहाच्या उलट चढून गेल्या. पाणी बाहेर कुठून पडतं एवढं बदलल्याने ही मोठी उडी मिळाली. जेटच्या बाबतीत हे नेहमी ध्यानात ठेवावं.

आता हिशोब पाहू. जेटचा रेटा दोन गोष्टींवर ठरतो: दर सेकंदाला किती पाणी मागे फेकलं आणि ते बोटीच्या वेगापेक्षा किती जास्त वेगाने फेकलं. बोट सेकंदाला १५ मीटर, म्हणजे तासाला ५४ किमी पळतेय आणि झोत सेकंदाला २५ मीटरने बाहेर पडतोय, असं धरा. पंपातले तोटे सोडून दिले तर झोताला दिलेल्या ऊर्जेपैकी साधारण ७५ टक्के बोट पुढे ढकलण्याच्या कामी येते. तीच बोट सेकंदाला ३ मीटरने, म्हणजे जेमतेम ११ किमी वेगाने रेंगाळतेय आणि झोत २२ मीटरने सुटतोय, तर हा आकडा २४ टक्क्यांच्या आसपास घसरतो. उरलेली ताकद नुसती मागचं पाणी घुसळते.

एवढ्यात अर्धं उत्तर मिळालं. जेट हे वेगाचं यंत्र आहे. साधारण २५ नॉटच्या (तासाला सुमारे ४६ किमीच्या) वर ते प्रोपेलरच्या बरोबरीला येऊ लागतं. भारतीय तटरक्षक दलाच्या ४५ नॉट गाठणाऱ्या इंटरसेप्टर बोटी वॉटरजेटवर चालतात, त्याचं एक कारण हेच, आणि दुसरं म्हणजे उथळ पाण्यातली सोय. उलट माल भरून खाडीतून सावकाश जाणाऱ्या होडीला जेट बसवणं म्हणजे डिझेल नुसतं ओतणं. तिथे कितीही मोठं इंजिन बसवलं तरी हे गणित सुधारत नाही.

आउटबोर्डवाल्यांसाठी, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन वापरणाऱ्यांसाठी, याचा सरळ पुरावा आहे. मर्क्युरी कंपनीचं ‘जेट ४०’ मॉडेल ६० एचपीच्या इंजिनावर बसलेलं असतं आणि ‘जेट ८०’ हे ११५ एचपीच्या. जेटचा पाय (प्रोपेलरच्या जागी बसवायचा पंपाचा भाग) लावला की साधारण ३० टक्के ताकद गेली, हे कंपनीने नावातच मान्य केलं आहे. तुमच्या होडीला प्रोपेलरचं ६० एचपी नेमकं पुरतंय आणि ओहोटीला वाळूचे दांडे लागतात म्हणून जेटचा पाय लावायचा विचार असेल, तर त्याच वेगासाठी ९० च्या आसपासचं इंजिन धरूनच चला. इथे मोठं इंजिन ही खरी गरज आहे.

पहिली पायरी: बोटीचं काम कागदावर लिहा

किती माणसं, किती सामान, किती वेग, कुठलं पाणी, समुद्रसपाटीपासून किती उंची आणि दिवसात फुल थ्रॉटल (इंजिन पूर्ण जोरावर) किती वेळ? हे लिहिल्याशिवाय कुठल्याही मेकॅनिककडे जाऊ नका. ‘जरा जास्त पळायला हवी’ ही मागणी नव्हे. ‘सहा माणसं घेऊन दहा सेकंदांत पाण्यावर उचलली पाहिजे आणि ५० किमीने स्थिर चालली पाहिजे’ ही मागणी.

‘पाण्यावर उचलणं’ महत्त्वाचं आहे. थांबलेली बोट पाण्यात बुडून तरंगते. वेग वाढला की नाक वर येतं, शेपूट बसते आणि एक टेकाड आल्यासारखं वाटतं. ते ओलांडलं की बोट सपाट होऊन पाण्यावरून सरकायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. जेट बोट १० सेंटीमीटर पाण्यावरून जाते असं जे सांगतात, ते फक्त या अवस्थेत खरं. बोट टेकाड ओलांडत नसेल आणि बोट टेकाड ओलांडते पण वरचा वेग कमी पडतो, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या तक्रारीत वजन आणि वजनाची मांडणी आधी तपासा. दुसऱ्या तक्रारीत पंप.

दुसरी पायरी: वजनकाटा

बोट ट्रेलरवर घेऊन नेहमीच्या सामानासकट वजनकाट्यावर न्या. रिकाम्या ट्रेलरचं वजन वेगळं काढा. माहितीपत्रकातलं वजन कोरड्या, रिकाम्या बोटीचं असतं. १०० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७४ किलो. त्यात माणसं, नांगर, दोर, आइसबॉक्स, दुसरी बॅटरी. फायबरच्या जुन्या बोटींत मजल्याखालचा फोम पाणी पिऊन बसतो आणि वरून काही दिसत नाही. एक लिटर पाणी एक किलो, आणि असं पाणी शेकडो लिटर साचलेलं निघू शकतं. मजल्याला छोटं भोक पाडून फोमचा तुकडा काढून पिळून बघा. पाणी गळलं तर इंजिनाचा विषय तिथेच थांबवा.

वजन किती हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ते कुठे आहे हेही. जेट बोटीत इंजिन आणि पंप मागेच असतात. त्यात माणसंही मागे बसली की शेपूट बसते आणि टेकाड डोंगर होतं. दोन माणसं पुढे बसवून एक फेरी मारा. फरक पडला तर त्या फरकाला एक रुपयाही लागला नाही.

तिसरी पायरी: टॅकोमीटरची चाचणी

सगळ्या लेखात हीच चाचणी सर्वांत मोलाची आहे, म्हणून इथे जरा थांबू.

प्रोपेलरच्या बोटीत ओझं वाढलं की इंजिनाचे आरपीएम (दर मिनिटाचे फेरे) पडतात. जेटमध्ये तसं जवळजवळ होत नाही. पंपाला बोट किती जड आहे, किती वेगाने चाललीय हे फारसं कळतच नाही. त्याला फक्त पाणी कळतं. त्यामुळे अमुक इम्पेलर अमुक आरपीएमला किती ताकद खातो हे ठरलेलं असतं. परिणामी टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारा काटा, हाच तुमचा ताकद मोजायचा काटा होतो.

नियम असा: पंप खातो ती ताकद आरपीएमच्या घनाप्रमाणे वाढते. समजा तुमचा इम्पेलर १,००० आरपीएमला ४ किलोवॅट खातो. मग २,००० ला ३२, ३,००० ला १०८ आणि ४,००० ला २५६ किलोवॅट, म्हणजे साधारण ३४३ एचपी. किलोवॅटला १.३४ ने गुणलं की एचपी मिळतात. आता तुमचं इंजिन फुल थ्रॉटलला ४,००० ऐवजी ३,५०० वर अडकलं, तर? आरपीएम फक्त ५०० ने कमी, पण ताकद १७२ किलोवॅटवर आली. एक तृतीयांश ताकद गायब. कानाला हा फरक फारसा कळत नाही, काट्यावर लगेच कळतो.

चाचणी अशी करा. खोल, मोकळं, शांत पाणी निवडा. इंजिन पुरतं गरम होऊ द्या. मग काही सेकंद फुल थ्रॉटल देऊन आरपीएम आणि जीपीएसवरचा वेग दोन्ही टिपा. नदीत असाल तर प्रवाहाबरोबर एकदा आणि प्रवाहाविरुद्ध एकदा, आणि दोन्हींची सरासरी. टॅकोमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुने काटे शंभर-दोनशे आरपीएम सहज खोटं बोलतात, आणि घनाच्या नियमात तेवढी चूकसुद्धा मोठी होते. तपासणीच्या यंत्राने एकदा पडताळून घ्या. मिळालेला आकडा पंपाच्या मॅन्युअलमधल्या तुमच्या इम्पेलरच्या तक्त्याशी ताडून बघा.

आरपीएम कमी आले, तर इंजिन आपली ताकद देत नाहीये. आधी साध्या गोष्टी बघा. दुसऱ्याला थ्रॉटल पूर्ण ढकलायला सांगा आणि इंजिनापाशी उभं राहून थ्रॉटलची झडप पूर्ण उघडते का ते पाहा. सैल झालेली केबल हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित दोष. त्यानंतर एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, प्लग, टाकीत साचलेलं पाणी, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). हे सगळं ठीक निघालं तर आधीच्या मालकाने जास्त भारी, म्हणजे त्याच आरपीएमला जास्त ताकद खाणारा, इम्पेलर बसवलाय का ते तपासा.

आरपीएम बरोबर आहेत पण बोट संथ आहे, तर ताकद पंपापर्यंत पोचतेय. दोष वजनात, बोटीच्या तळात किंवा पंपाच्या झिजेत.

आरपीएम जास्त आणि बोट संथ, तर पंपाला पाण्याऐवजी हवा मिळतेय, त्याचं तोंड तुंबलंय किंवा इम्पेलर आणि त्याच्याभोवतीच्या रिंगमधली फट वाढलीय. या अवस्थेत मोठं इंजिन बसवणाऱ्याचे सगळे पैसे पाण्यात जातात. जे पाणी पंप आत्ता पकडू शकत नाही, ते जास्त जोराने फिरवून पकडता येत नाही. उलट पात्यांवर बुडबुडे होऊन फुटायला लागतात.

चौथी पायरी: पंप उघडा

आधी सुरक्षा. इंजिन बंद, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. इनटेकमध्ये, म्हणजे पंपात पाणी शिरतं त्या तोंडात, हात घालण्यापूर्वी हे तिन्ही झालेलं असलंच पाहिजे, अपवाद नाही.

बोट ट्रेलरवर घेऊन खालून इनटेकच्या जाळीकडे बघा. कोकणात इथे काय सापडतं हे किनाऱ्यावर काम करणाऱ्याला सांगायला नको: प्लास्टिकची पिशवी, नायलॉनच्या जाळ्याचे धागे, दोराचा तुकडा. धागा जाळीतून आत शिरून शाफ्टला (इम्पेलर फिरवणाऱ्या दांड्याला) गुंडाळला की वरून काहीच दिसत नाही. टॉर्च मारून, हाताने चाचपून, शाफ्ट फिरवून बघा. काढताना ओढू नका, धारदार हुक असलेल्या सुरीने कापून काढा.

नंतर इम्पेलर. पात्याची पुढची धार, म्हणजे पाणी आधी जिथे लागतं ती, बोटाने हळूच चाचपा. खडा गेला असेल तर तिथे दातऱ्या पडलेल्या असतात, धातू एका बाजूला मुडपलेला असतो. अशी एक मुडपलेली धारसुद्धा पाण्याचा पडदा फाडते आणि मागे बुडबुड्यांची शेपटी तयार होते. धारेमागे काही सेंटीमीटरवर वाळूने ठोकरल्यासारखे बारीक खड्डे दिसले, तर ती कॅव्हिटेशनची खूण. म्हणजे बुडबुडे फुटून धातू खाल्ला गेलाय. चालू बोटीत हेच आवाजाने ओळखता येतं: पंपातून खडी घुसळल्यासारखा आवाज येतो. हलक्या दातऱ्या कानशीने सरळ करता येतात, पण सगळ्या पात्यांचा आकार सारखा ठेवून. एकच पातं घासून पातळ केलं तर इम्पेलर थरथरायला लागतो. मोठा तुकडा उडाला असेल तर वेल्डिंग करून पुन्हा तोल साधणाऱ्या दुकानात द्या किंवा नवा घ्या.

आता वेअर रिंग. इम्पेलर ज्या कड्यात फिरतो ते हे कडं. पात्याचं टोक आणि रिंग यांच्यातली फट नवेपणी मिलिमीटरच्या काही दशांशाएवढी असते. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घेऊन वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणी मोजा आणि प्रत्येक पात्यासाठी पुन्हा मोजा. एका बाजूला फट जास्त आणि समोरच्या बाजूला कमी निघाली तर बेअरिंग गेलंय किंवा शाफ्ट वाकलाय. नुसती रिंग बदलून भागणार नाही. सगळीकडे सारखी वाढलेली असेल तर वाळूने रिंग खाल्लीय. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपलीकडे गेली की बदला. फट वाढली की दाबाने पुढे गेलेलं पाणी पात्याच्या टोकावरून मागे गळतं. इंजिन फिरतं, पेट्रोल जळतं, पण तेच पाणी आतल्या आत फिरत राहतं. नवी रिंग बसवल्यावर पाण्यावर उचलायला लागणारा वेळ एवढा कमी होतो की पुष्कळांचा मोठ्या इंजिनाचा हट्ट तिथेच सुटतो.

ही वाळू आत जाते कशी? गुडघाभर पाण्यात जेट स्की सुरू करून रेस दिली की. थांबलेल्या स्थितीत पंप तळाची वाळू आणि खडे थेट वर खेचतो. सी-डूसारख्या जेट स्की कंपन्या मागच्या भागाखाली निदान ९० सेंटीमीटर पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नका असं सांगतात. पर्यटकांच्या गर्दीत, रांग लागलेली असताना हा नियम रोज मोडला जातो. एका मोसमात रिंग संपते आणि दोष इंजिनावर जातो. जेट्टीवर काम करणाऱ्या पोरांना एवढी एक सवय लावली तरी वर्षाचा मोठा खर्च वाचेल, असं मला मनापासून वाटतं.

हवा कुठून शिरते तेही बघा. इनटेक आणि बोटीचा तळ यांच्यामधलं पॅकिंग, शाफ्टचा सील, आणि तळावर इनटेकच्या समोर बसवलेलं काहीही. खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर इनटेकच्या अगदी पुढे लावला तर त्याच्या मागे सुटणारे बुडबुडे थेट पंपात जातात. ॲल्युमिनियमच्या बोटींना तळावर ज्या लांब पट्ट्या असतात, त्या इनटेकच्या तोंडापर्यंत ओढल्या असतील तरी तेच होतं. सेन्सर बाजूला हलवा, पट्ट्या इनटेकच्या बऱ्याच आधी थांबवून घ्या.

पाचवी पायरी: उंची

ही पायरी समुद्रकिनाऱ्यावर सोडून दिली तरी चालेल. डोंगरात मात्र नाही. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. पँगाँग सरोवर ४,२०० मीटरहून उंचावर आहे. तिथे साधं इंजिन एक तृतीयांशाहून जास्त ताकद हरवून बसतं. सैन्याने अशा उंचावरच्या सरोवरांसाठी १२ जलद गस्ती नौकांचा करार गोवा शिपयार्डशी केला, हे २०२१ च्या सुरुवातीला जाहीर झालं होतं. अशा जागेसाठी इंजिन निवडताना समुद्रसपाटीवरचा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. उंचीवर टर्बो असलेलं इंजिन किंवा हलका इम्पेलर, हे दोन रास्त उपाय आहेत.

गंगेचं उदाहरणही इथे शोभतं. १९७७ मध्ये एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरपासून नदीतून वर निघाले. बिल हॅमिल्टन यांचे चिरंजीव जॉन हॅमिल्टन त्यांच्याबरोबर बोट चालवायला होते. मैदानातून, मग देवप्रयागच्या पलीकडे डोंगरी धारांतून चढत ते नंदप्रयागजवळ पोचले आणि तिथे धबधब्याने वाट अडवली. खळाळ चढताना बोटीला ताकद हवीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती हलकी हवी आणि फेसाळ पाण्यातही पंपाला भरीव पाणी मिळत राहायला हवं.

सहावी पायरी: इंजिनाआधी इम्पेलर

इंजिन निरोगी, पंप नीट, वजन आटोक्यात, आणि तरीही समाधान नाही. आता इम्पेलर बदलायचा विचार करा. इंजिनाच्या तुलनेत हा खर्च फार कमी असतो.

इंजिन आपली पूर्ण ताकद ज्या आरपीएमला देतं, तिथपर्यंत ते पोचत नसेल तर इम्पेलर जास्त भारी आहे. एक घर हलका बसवला की आरपीएम वर चढतील आणि ताकदही. उलट इंजिन आपल्या मर्यादेच्या पलीकडे जाऊन लिमिटरला (आरपीएम रोखणाऱ्या यंत्रणेला) धडकत असेल, तर भारी इम्पेलर लावून तीच ताकद कमी आरपीएमला वापरता येते. आवाज आणि झीज दोन्ही कमी. ओझ्याच्या बोटीसाठी मात्र माझा कल नेहमी मोठ्या व्यासाच्या पंपाकडे असतो. जास्त पाणी, कमी वेगाने फेकलं, तर सुरुवातीला मांडलेलं गणित तुमच्या बाजूने झुकतं. तीच ताकद लहान पंपात कोंबली की बोट कमी वेगात असताना कॅव्हिटेशन होतं. म्हणून प्रत्येक पंपाच्या तक्त्यावर ‘या वेगाखाली एवढ्याहून जास्त ताकद देऊ नका’ अशी एक रेघ असते. इंजिन विकणारा ती रेघ दाखवत नाही, तुम्हीच मागून घ्या.

मोठं इंजिन बसवलं तर नेमकं काय मिळेल

घनाचा नियम उलटा वाचा. पंपाचे आरपीएम १० टक्के वाढवायला ताकद ३३ टक्के जास्त लागते. ताकद थेट दुप्पट केली तरी त्याच इम्पेलरवर आरपीएम फक्त २६ टक्के वाढतात. त्यात नव्या इंजिनाचं जास्तीचं वजन आणि मोठी टाकी वजा करा.

जेट स्कीच्या बाजारात हे उघड दिसतं. सी-डूची ६० एचपीची छोटी स्पार्क तासाला साधारण ६५ किमी जाते आणि ९० एचपीची ८० च्या आसपास. ३०० एचपीची मोठी मॉडेलं ११० च्या जवळ थांबतात. ती जड असतात आणि त्यांचा वरचा वेग कंपन्या स्वतःहून रोखतातही, पण कल तोच राहतो: ताकद पाचपट, वेग दुपटीहूनही कमी.

इंधनाचाही हिशोब करा. पेट्रोल इंजिन फुल थ्रॉटलला दर एचपीला तासाला साधारण ०.३ लिटर पितं, डिझेल ०.२ च्या आसपास. २०० एचपीचं पेट्रोल इंजिन तासाला ६० लिटर, ३०० चं ९० लिटर. पर्यटनाच्या धंद्यात दिवसाला तीन तास जरी फुल थ्रॉटल धरला, तरी रोज ९० लिटरचा फरक पडतो. हा आकडा मोसमातल्या दिवसांनी गुणा आणि मग ठरवा.

मोठं इंजिन खरंच हवं, असे प्रसंग

बोट नेहमीच्या ओझ्यासह, पंप नवा असूनही टेकाड ओलांडत नाही. उलट्या प्रवाहातून खळाळ चढायचे आहेत, जिथे मधेच ताकद कमी पडली तर बोट आडवी होऊन पाण्याखाली जाऊ शकते. प्रोपेलरवरून जेटवर यायचं आहे. बोट कायम उंचावर चालवायची आहे. आणि शर्यत: न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या जेट स्प्रिंटमध्ये चिंचोळ्या, वळणावळणाच्या चरातून दोन माणसांची बोट पळते आणि वरच्या गटातली इंजिनं हजार एचपीच्याही पुढे जातात. तिथे काटकसरीचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक प्रसंग लोक विसरतात: इंजिन सतत ९०-९५ टक्के जोरावर चालवावं लागतंय. मग जरा मोठं इंजिन आरामात चालेल, जास्त टिकेल. हे कारण रास्त आहे. रोजच्या चालीला ७०-७५ टक्के थ्रॉटल पुरेल, एवढं इंजिन निवडा.

निवडताना काय बघायचं

नुसते एचपी विचारू नका. ‘हे एचपी कुठल्या आरपीएमला आणि सलग किती तास?’ असं विचारा. न्यूझीलंडच्या नदीतल्या बोटींत गाडीच्या व्ही-८ इंजिनाला पंप थेट जोडण्याची जुनी पद्धत आहे, कारण इंजिनाचे आरपीएम आणि पंपाचे आरपीएम जुळतात, गिअरबॉक्स लागत नाही. डिझेल कमी आरपीएमला ताकद देतं. त्याला भारी इम्पेलर किंवा मधे गिअरबॉक्स लागतो. म्हणून इंजिन आणि इम्पेलर एकत्र निवडा, एकाच कागदावर दोघांच्या रेषा काढून. त्या जिथे छेदतात तिथेच बोट चालणार.

ॲल्युमिनियम ब्लॉकचं इंजिन लोखंडी ब्लॉकपेक्षा बरंच हलकं असतं. जेटमध्ये ते वजन शेपटीवरून उतरतं, म्हणून त्याला दोन पैसे जास्त देणं वसूल होतं.

गाडीचं इंजिन आहे तसं बोटीत घालू नका. बोटीच्या पोटात पेट्रोलची वाफ साचते. त्यामुळे स्टार्टर, अल्टरनेटर, पंप हे सगळं ठिणगी बाहेर न पडणारं, बोटीसाठी बनवलेलं हवं आणि सुरू करण्यापूर्वी वाफ बाहेर काढणारा पंखा हवा. समुद्रात चालवणार असाल तर इंजिनात खारं पाणी थेट फिरवू नका, हीट एक्स्चेंजर (इंजिनातलं गोडं पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्याने वेगळं ठेवून थंड करणारं यंत्र) लावा. इंजिनाचे पाये, शाफ्टची कपलिंग आणि पंपाचं थ्रस्ट बेअरिंग (झोताचा रेटा पेलणारं बेअरिंग) नवी ताकद पेलतात का, हे पंपाच्या मॅन्युअलमधून बघा. बोटीवर कमाल ताकदीची पट्टी लावलेली असेल तर तिच्या वर जाऊ नका. विमा आणि परवाना दोन्ही त्यावर अवलंबून असू शकतात.

वेग वाढवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट बजावून सांगतो. जेट बोटीचं वळण झोतावर चालतं. घाबरून थ्रॉटल पूर्ण सोडला की झोत जातो आणि सुकाणूही जातं. बोट आहे त्याच दिशेने सरळ घसरत राहते. वेग जितका जास्त, तितकं हे अंतर लांब. नवं इंजिन बसवल्यावर पहिला दिवस मोकळ्या पाण्यात हाच सराव करा: थोडा थ्रॉटल ठेवून वळणं, आणि रिव्हर्सची बकेट (झोत पुढच्या दिशेला वळवणारं झाकण) हळूहळू खाली आणून थांबणं.

पहिली फेरी

नवी जुळणी पाण्यात उतरवली की तिसऱ्या पायरीतली चाचणी पुन्हा करा. आधी एकट्याने, मग पूर्ण ओझ्यासह. १,०००, २,०००, ३,००० आणि फुल थ्रॉटल, या प्रत्येक ठिकाणी वेग, पाण्याचं तापमान आणि इंधनाचा वापर टिपा. पहिल्या तासानंतर पंपाचे बोल्ट आणि कपलिंग पुन्हा आवळा, इनटेकच्या पॅकिंगमधून गळती आहे का बघा, आणि वेअर रिंगची फट मोजून ठेवा. हे आकडे लॅमिनेट करून स्टिअरिंगजवळ चिकटवा. पुढच्या मोसमात बोट मंदावल्यासारखी वाटली की सगळ्यात आधी त्या कागदाशी काटा ताडून बघा.